शेलची छिद्रे बुजवणारे नॅनोकण

तेलाची किंवा नैसर्गिक वायूची विहीर खोदताना पोलादी नळ्यांमधून एक दाटसर द्रव सतत खाली सोडला जातो. तो ड्रिल बिटच्या तोंडातून बाहेर पडतो, खडकाचा चुरा सोबत घेऊन वर येतो आणि गाळून पुन्हा खाली जातो. या द्रवाला तिथले लोक ‘मड’ म्हणतात. चुरा वाहून आणण्याइतकेच त्याचे दुसरे काम महत्त्वाचे आहे: खडकातील द्रवापेक्षा थोडा अधिक दाब ठेवून विहिरीची भिंत धरून ठेवणे. शेल या खडकात नेमके हेच काम बिघडते.

वालुकाश्मात मडमधले पाणी सुरुवातीला छिद्रांत शिरते. पण त्याच ओघाने बेंटोनाइट या मातीचे कण भिंतीवर साचतात, त्यांचा पातळ लेप तयार होतो आणि गळती जवळजवळ थांबते. शेल हा प्राचीन चिखल दाबला जाऊन तयार झालेला खडक आहे. त्याच्या छिद्रांची तोंडे बहुधा 10 ते 30 नॅनोमीटर एवढीच असतात, आणि 10 नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग. बेंटोनाइट आणि मड जड करण्यासाठी घातलेले बराइट हे खनिज यांचे बहुतेक कण याच्या शेकडो पट मोठे असल्यामुळे त्यांनी ही तोंडे बंद करू पाहणे म्हणजे मुंगीच्या बिळात नारळ बसवण्यासारखे आहे. शिवाय शेलमध्ये पाणी इतके सावकाश झिरपते की कण भिंतीकडे ओढले जाऊन लेप धरण्याइतका ओघच निर्माण होत नाही.

लेप नसल्यामुळे ही सावकाश गळती थांबत नाही. तासांमागून तास मडचा दाब खडकाच्या आत पोहोचत राहतो, भिंतीलगतच्या छिद्रांतला दाब वाढतो आणि भिंतीला मडच्या जादा दाबामुळे मिळणारा आधार नाहीसा होतो. खडकात स्मेक्टाइट हे मातीखनिज असेल तर ते पाणी पिऊन फुगते. म्हणूनच शेलची भिंत पुष्कळदा खोदताना न ढासळता काही दिवसांनी ढासळते. वर चाळणीवर बिटने कापलेल्या बारीक चुऱ्याऐवजी लांबट, कपचीसारखे तुकडे दिसू लागले की भिंत सुटू लागल्याचे जाणकार ओळखतात. तेलावर आधारित मड वापरल्यास हा त्रास बराच कमी होतो, मात्र तेलाने माखलेल्या चुऱ्याची विल्हेवाट लावणे खर्चिक आणि पर्यावरणाला जाचक ठरते. पाण्याच्या मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घातल्यास मातीचे फुगणे आटोक्यात येते, पण छिद्रे उघडीच राहतात.

छिद्रांच्याच मापाचे कण वापरण्याचा विचार इथून पुढे आला. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये सुमारे 20 नॅनोमीटरच्या सिलिका (वाळूतला मुख्य पदार्थ) कणांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अशा चाचणीत शेलच्या पातळ चकतीच्या एका बाजूला दाबाखाली द्रव ठेवतात आणि दुसऱ्या बाजूच्या छोट्या बंद कप्प्यातला दाब किती वेगाने चढतो ते पाहतात. नुसते खारे पाणी असताना हा दाब चढत जातो; नॅनोसिलिका घातल्यावर तो चढण्याचा वेग फारच मंदावतो, कारण कण छिद्रांच्या तोंडाशी अडकून पाण्याची वाट अडवतात. मोठ्या भेगांवर मात्र याचा उपयोग नाही. तिथे मोठे कणच लागतात.

माझ्या मते खरी कसोटी कणांच्या आकाराची नसून ते सुटे राहण्याची आहे. सिलिकाचे कण पृष्ठभागावरील ऋणभारामुळे एकमेकांना दूर लोटतात. मडमधले क्षार हे प्रतिकर्षण क्षीण करतात, त्यामुळे कण गोळा होतात आणि 20 नॅनोमीटरच्या कणांचे मायक्रॉनभर (हजार नॅनोमीटरचे) गठ्ठे बनतात. ज्या पोटॅशियमने माती शांत करायची, तेच इथे अडचणीचे ठरते. त्यामुळे क्षारातही कण सुटे राहावेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणूंचे आवरण चढवले जाते. कोरडी भुकटी आधीच गठ्ठ्यांच्या स्वरूपात असते आणि मड ढवळणाऱ्या यंत्राने ती पुरती सुटी होत नाही, म्हणून पाण्यात आधीच विखुरलेले कण घेणे श्रेयस्कर. त्याने श्वासातून भुकटी आत जाण्याचा धोकाही टळतो. खर्चाचा प्रश्न उरतोच: 240 टन मडमध्ये वजनाने 3 टक्के कण घालायचे म्हटले तरी 7 टनांहून अधिक नॅनोसिलिका लागते.