किण्वन व साखरेची संहती

यीस्ट ज्या विद्रावात वाढते त्यातील साखरेच्या प्रमाणानुसार किण्वनाचा वेग व अल्कोहॉलाचे उत्पन्न बदलते; कधी कधी पेशी श्वसन (ऑक्सिजन वापरून साखरेचे विघटन) करणार की किण्वन (साखर आंबवून अल्कोहॉल बनविणे), हेही त्यावरच ठरते. हिशोबाने १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहॉल व ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळावा. प्रत्यक्षात काही साखर पेशींच्या वाढीत व ग्लिसरॉलात जाते.

क्रॅबट्री परिणाम : हवा मिळाली की यीस्टचे किण्वन मंदावते, असे पाश्चर यांनी सु. १८६० मध्ये दाखविले. मात्र हे साखर अगदी तुटपुंजी असतानाच नीट दिसते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या नेहमीच्या यीस्टला लिटरमागे एक ग्रॅमपेक्षाही बरीच कमी साखर पुरते. तेवढ्यावर, भरपूर हवेतही, ते अल्कोहॉल बनवू लागते; हाच क्रॅबट्री परिणाम. या परिणामाला ज्यांचे नाव आहे त्या क्रॅबट्री यांचे १९२९ चे निरीक्षण यीस्टवरचे नव्हतेच. ते अर्बुदाच्या (शरीरातील गाठीच्या) पेशींवरचे असून त्यात ग्लुकोजमुळे श्वसन घटल्याचे नोंदले होते. यीस्टच्या संदर्भात ही संज्ञा रूढ होण्याचे श्रेय बहुधा डी डेकेन यांच्या १९६६ च्या लेखाला द्यावे लागेल. कारणाबाबत मतभेद आहेत. श्वसनयंत्रणेची क्षमता अपुरी पडून जादा साखर किण्वनाकडे ‘सांडते’, असे एक मत. साखरच श्वसनाच्या जनुकांचे दमन करते, असे दुसरे. साखर मिळताच काही मिनिटांत दिसणारा परिणाम पहिल्याने व काही तासांनी स्थिरावणारा दुसऱ्याने अधिक सहज उलगडतो. म्हणून दोन्ही वेगळे मानणे सोयीचे वाटते. बेकरी-यीस्ट तयार करणाऱ्यांनी मात्र या वादाची वाट पाहिली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच, भरपूर हवा देऊन मळी थोडीथोडी सोडत राहण्याची पद्धत युरोपात आली होती. साखर एकदम ओतली की यीस्टऐवजी अल्कोहॉल पदरात पडते, हे त्यामागचे इंगित.

अतिसंहती : साखर साधारणतः २०–२५ टक्क्यांच्या पुढे गेली की तर्षणाने (पातळ पटलातून पाणी दाट विद्रावाकडे जाण्याने) पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. पेशी ग्लिसरॉल साठवून तोल सांभाळते. त्यामुळे किण्वन उशिरा सुरू होते व अल्कोहॉलाचे उत्पन्न घटते. पुढे साचलेले अल्कोहॉलच यीस्टला बाधते. त्यामुळे दाट विद्रावात काही साखर न आंबताच उरते. गोड बनाच्या पिठाला पावाच्या पिठापेक्षा अधिक यीस्ट किंवा अधिक वेळ लागतो, तो साखरेच्या या तर्षणामुळेच.

पुण्यातील संदर्भ : मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) व पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह यांमुळे या विषयाचा शहराशी जुना संबंध आहे. मळीत साखर निम्म्याच्या आसपास असते. आसवनीत ती पाणी घालून सुमारे १५ टक्क्यांवर आणली, तर आकारमानाने ८–९ टक्के अल्कोहॉल मिळते. येथे ब्रिक्सचा (विरघळलेले पदार्थ साखर धरून टक्क्यांत मोजणाऱ्या मापाचा) आकडा फसवा ठरतो, कारण मळीतील पोटॅशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षारही त्यात मोजले जातात. ते आंबत तर नाहीतच, उलट तर्षण दाब वाढवतात.

मधाचा अभ्यास शहरातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (१९६२) होतो. पाणी सुमारे १७ टक्क्यांहून कमी असलेला मध सहसा आंबत नाही. सातेरी माशीच्या मधात ते बहुधा २० टक्क्यांवर असल्याने तो लवकर फसफसतो.

घरगुती साखरांब्यात पाक कच्चा राहिला किंवा बरणीत ओला चमचा गेला, तर वरच्या थरात साखर विरळ होते व किण्वन तेथूनच सुरू होते. झायगोसॅकरोमायसिस रूक्सीसारखी, जास्त साखर सहन करणारी यीस्टे मात्र दाट पाकातही तग धरतात.