मिश्र चिकित्सा : डॉक्टरांची भूमिका

मिश्र चिकित्सा : एकाच रुग्णावर आधुनिक वैद्यकाचे (ॲलोपॅथी) आणि आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांपैकी एखाद्या पद्धतीचे किंवा घरगुती उपचार एकत्र वा पाठोपाठ होणे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी आयुर्वेदाविषयी घेतलेल्या भूमिकेचा विचार केला आहे.

दोन वैद्यकांत दुरावा केव्हा आला, याबाबत मतभेद आहेत. दोन्ही शास्त्रे शिकवणारी कलकत्त्याची नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन (स्थापना १८२२) १८३५ मध्ये बंद झाली, तेव्हापासून फूट पडली असे काही अभ्यासक मानतात. मुंबई इलाख्याला हे वर्ष फारसे लागू पडत नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड (१८२२ किंवा १८२४–१८७४) कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांचे तेल वापरून पाहत होते. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० च्या सुमारास अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथाची सटीक आवृत्ती संपादित केली. म्हणजे त्या पिढीला दोन्हीकडे वावरण्यात अडचण नव्हती. दुरावा पक्का झाला तो १९१२ च्या मुंबई वैद्यक नोंदणी कायद्यानंतर, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९१५–१६ च्या सुमारास आयुर्वेदीय संस्थांशी संबंध ठेवल्यावरून मुंबईत पोपट प्रभुराम व मद्रासमध्ये कृष्णस्वामी अय्यर या नोंदणीकृत डॉक्टरांवर आक्षेप घेण्यात आला. पुढे १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्यांनाही नोंदणी मिळाली.

संस्थांची भूमिका अशी ताठर होत गेली, तरी एकेक औषध कसोटीला उतरले की डॉक्टरांनी ते स्वीकारल्याची उदाहरणे आहेत. सर्पगंधा या औषधी वनस्पतीने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्यात १९३१ मध्ये सेन व बोस यांनी नोंदवले होते. परंतु जगभरच्या डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील निबंधामुळे.

क्षारसूत्राचे उदाहरण अधिक बोलके आहे. भगंदरावरील (गुदद्वाराजवळच्या नासूरावरील) हा औषधी धाग्याचा उपचार सुश्रुत परंपरेतला. त्याची आजची कृती बनारस हिंदू विद्यापीठात बसवली गेली. लिननच्या धाग्यावर थोराच्या (स्नुही) चिकाचे ११, चीक व आघाड्याचा क्षार यांचे ७ आणि चीक व हळद यांचे ३ असे एकूण २१ लेप देतात. प्रत्येक लेप वाळल्याशिवाय पुढचा चढवत नाहीत. हा धागा भगंदराच्या मार्गातून ओवून बांधतात व साधारणतः दर आठवड्याला बदलतात. मार्ग कापला जाणे व मागून जखम भरत येणे ही दोन्ही कामे बरोबरीने चालतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर घेतलेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. मात्र रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४ व ११ टक्के आढळले. वेळ जास्त, पण खात्री अधिक, असा हा सौदा रुग्णापुढे मोकळेपणाने मांडायला हवा.

परवान्याचा वाद वेगळा आहे. महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये काही आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा दिली. अशा आदेशांची कायदेशीर चौकट सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तपासली. मुंबईतील एका होमिओपॅथने आधुनिक औषधे दिल्याच्या प्रकरणात मात्र याच न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले होते. २०१४ मध्ये राज्याने एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित परवानगी दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी निघाली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशन या आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांच्या संघटनेने ११ डिसेंबरला बंद पुकारला. सुरक्षिततेचा त्यांचा मुद्दा रास्त आहे. तथापि राज्यातील अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी डॉक्टर बीएएमएस (आयुर्वेद पदवीधर) वा बीएचएमएस (होमिओपॅथी पदवीधर) असतात, याचाही विचार या चर्चेत व्हायला हवा.

प्रत्यक्ष तपासणीच्या खोलीत काय घडते, याविषयीचे लेखन त्रोटक आहे. काविळीचे झाडपाल्याचे औषध किंवा काढा घेतल्याचे रुग्ण पुष्कळदा आपणहून सांगत नाही. डॉक्टर रागावतील ही धास्ती असते. न विचारण्याची किंमत गुळवेलीच्या बाबतीत दिसली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी अवरोधी काविळीच्या (पित्ताचा मार्ग अडल्याने होणाऱ्या) शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देऊन तिचे उपयोग अभ्यासले होते. करोनाच्या साथीत लोक ती घरोघरी घेऊ लागले आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुर्वेदादी पद्धतींचा कारभार पाहणाऱ्या केंद्राच्या आयुष मंत्रालयाने या नोंदीला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हा मंत्रालयाचा मुख्य प्रश्न होता. रुग्णाने काय, किती व कोठून आणून घेतले, हे पहिल्या भेटीतच लिहून ठेवलेले असेल, तरच अशा प्रश्नाचा निवाडा होऊ शकतो.