बांधावरचा धोतरा आणि ओकीफची फुलं

आमच्याकडच्या शाळांत फूल काढा म्हटलं की पोरं मधे गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली दांडा आणि दोन पानं काढून मोकळी होतात. अलीकडे गुरुजींच्या मोबाइलवर एक वेगळा पाठ फिरतो: एकच फूल घ्या आणि इतकं मोठं काढा, की पाकळ्या कागदाबाहेर गेल्या पाहिजेत.

ही रीत अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ हिची. १८८७ साली विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्याच्या घरी ती जन्मली. नाव होण्याआधी, १९१२ ते १९१४, टेक्ससमधल्या अमॅरिलोच्या शाळांतलं चित्रकलेचं काम तिच्याकडे होतं. पुढे कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांची शिकवण तिला भावली. वस्तू हुबेहूब उतरवण्यापेक्षा कागदाची जागा देखणी कशी भरायची, हे आधी शिका, असं ते सांगत. जपानी चित्रांचा त्यांचा अभ्यास होता. १९२४ पासून ओकीफनं फुलं प्रचंड मोठी काढायला घेतली. एवढंसं फूल कोण बघतं, मोठं केलं तर घाईतले न्यूयॉर्ककरही थांबतील, असा तिचा हिशेब.

१९३२ साली तिनं काढलेलं पांढरं फूल २०१४ च्या लिलावात ४ कोटी ४४ लाख डॉलरला गेलं. ते फूल धोतऱ्याच्याच जातकुळीतलं! आपल्याकडे महादेवाला वाहण्यापुरता धोतरा आठवतो. एरवी उकिरड्यावरच्या या झाडाकडे कोण ढुंकून बघतं? (तो विषारी असतो, पोरांच्या हाती देऊ नये.)

विदर्भाला यातलं सगळंच नवं नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीनं नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवायच्या पद्धतीचा, अभ्यासक्रम आखला, त्यात चित्रकला होती. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि मुलांना चित्रकला शिकवू लागले. मुलानं नक्कल करू नये, स्वतःचं काढावं, यावर त्यांचा भर. म्हणून ओकीफच्या चित्राची झेरॉक्स वर्गात वाटून ‘अस्संच काढा’ म्हणणं मला पटत नाही.

त्यापेक्षा कपाशीचं फूल बरं. सकाळी उमलतं तेव्हा पांढरट-पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. चित्र एका तासात संपलं नाही, तर उद्या पोरांना गुलाबी खडू शोधावा लागतो.