तुरटी आणि टीसीएल: निवळलेलं पाणी आणि निर्धोक पाणी

जुलैत कोयनेच्या पाणलोटात पावसानं जोर धरला की आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठी नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं. मग घरोघरी फळीवरचा तुरटीचा खडा खाली उतरतो. हंड्यात चार-पाच वेळा फिरवायचा, हंडा झाकून ठेवायचा, काही तासांनी गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी. आईला हे करताना पाहतच मी मोठी झाले. तिच्या तोंडचं वाक्य आजही गल्लीत ऐकू येतं: "तुरटी फिरवलीय, पाणी शुद्ध आहे."

हे वाक्य अर्धंच खरं आहे. एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत लागोपाठ काविळीचे रुग्ण निघाले. पाणी दिसायला चांगलं होतं, घरोघरी तुरटीही फिरत होती. नंतर कळलं, नळाची एक जोडणी गटारातून गेलेली होती आणि तिथंच गळत होती. पाणी निवळणं वेगळं आणि ते निर्जंतुक होणं वेगळं, हे तेव्हा मला नीट समजलं.

तुरटीचं काम गाळापुरतं. नदीच्या गढूळ पाण्यातले मातीचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून नुसतं ठेवलेलं पाणी दिवसभरातही निवळत नाही. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचा धनभार हा ऋणभार नाहीसा करतो. शिवाय पाण्यात कापसासारखे चिकट पुंजके तयार होतात, ते कणांना गोळा करत तळाशी जातात. त्यांच्याबरोबर बरेच जंतूही खाली बसतात, पण मरत नाहीत. काही वरच्या नितळ पाण्यातच राहतात, आणि कावीळ किंवा गॅस्ट्रो व्हायला तेवढे पुरतात. म्हणून तळाचा गाळ कधीही ढवळू नये, वरचं पाणी अलगद ओतून घ्यावं. खडा जास्त वेळ फिरवून फायदा नाही, पाणी तेवढं तुरट लागतं.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिचं काम नेमकं उलट. ती पाण्यात मिसळली की क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल बनतं, ते जंतूंच्या आवरणातून आत शिरून त्यांना मारतं. त्यासाठी किमान अर्धा तास द्यावा लागतो. पाण्याच्या रूपात मात्र काहीच फरक पडत नाही. गढूळ पाण्यात टीसीएल टाकलं तर ते गढूळच राहणार, आणि लोकांना वाटणार की नगरपालिकेनं काही केलंच नाही.

दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पाण्यात टाकायच्या, म्हणून गल्लत होते. पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही, आणि क्रमही उलटा चालत नाही. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंना आडोसा देतो. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात आधी तुरटी, मग गाळ बसवणं, मग वाळूचे फिल्टर आणि शेवटी क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणा १ एककापर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो असं म्हटलंय. जंतू मारून झाल्यावर पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन मात्र लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

हा 'उरलेला' क्लोरीन मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, कुठं दिवसाआड येतं. नळ बंद असताना रिकाम्या पाइपमध्ये दाब राहत नाही आणि गळतीच्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. तुरटीचं काम केंद्रातच संपलेलं असतं. तिथून तुमच्या हंड्यापर्यंत राखण करतो तो फक्त क्लोरीन. उकळल्यानंही जंतू मरतात, पण गार झालेल्या पाण्यात पुन्हा मळका हात बुडाला तर त्याला राखण नाही.

म्हणूनच "पाण्याला पावडरीचा वास येतो, कमी टाका" अशी तक्रार ऐकली की मला काळजी वाटते. माझ्या शेजारच्या काकू वासाचं पाणी धुण्याला काढायच्या आणि प्यायला विहिरीचं आणून त्यात तुरटी फिरवायच्या. त्यांना पटवायला मला दोन पावसाळे लागले.

महापुरानंतर तर ही गल्लत जिवावर येते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुरात संडास, गोठे, उकिरडे, विहिरी सगळं एकाच पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं की आठवड्याभरात विहीर आपोआप निवळते आणि माणसं रहाट सोडतात. ते नितळ पाणी सर्वांत घातक. विहिरीला टीसीएलच लागतं: चांगल्या पावडरीचं साधारण २.५ ग्रॅम दर हजार लिटरला. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २१ हजार लिटर, म्हणजे पावडर ५० ते ५५ ग्रॅम. पुरानंतर ती जास्त लागते, किती ते आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारावं. पावडर थेट ओतू नये. थोड्या पाण्यात कालवून बादली भरावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ विहिरीत सोडावं. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण दमट खोलीत उघड्या पडलेल्या पोत्यातून तो उडून जातो. मग मोजून टाकलेली पावडर म्हणजे नुसता चुना.

घरच्या हंड्यात मात्र टीसीएल अंदाजानं टाकू नका. त्यासाठी मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं द्रावण मिळतं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावं. गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात, मग द्रावण आणि अर्धा तास थांबणं.

बोअरच्या पाण्याचा जडपणा आणि उसाच्या रानातून उतरलेलं नायट्रेट तुरटी किंवा टीसीएल, कशानंही जात नाही. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.

क्लोरीन आहे की नाही हे कळायला ओटी (ऑर्थोटोलिडीन नावाचं रसायन) टेस्ट आहे. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, प्यायचं नाही. पाणी सोडायला येणाऱ्या माणसाकडे बाटली असते. मागितली तर तो समोर करून दाखवतो. वास फार जाणवला तर मी हंड्यावर पातळ कापड बांधून तासभर ठेवते, तो कमी होतो. पण ज्या सकाळी नळाला काहीच वास नसतो आणि ओटीला रंगही येत नाही, त्या सकाळी पाणी चुलीवर चढवते आणि पाणीपुरवठा विभागाला फोन लावते.