नोवगोरोदची भूर्जपत्रे

नोवगोरोदची भूर्जपत्रे : रशियाच्या वायव्येस व्होल्खव नदीकाठी वसलेल्या वेलिकी नोवगोरोद या शहराच्या उत्खननांत सापडलेली, बर्च झाडाच्या सालीवर कोरलेली मध्ययुगीन पत्रे, हिशेब, याद्या, टिपणे आणि मुलांचे अक्षर गिरवण्याचे धडे. काळ अकराव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. एकट्या नोवगोरोदमध्ये आजवर अशी ११०० हून अधिक पत्रे मिळाली आहेत. स्ताराया रुस्सा, तोर्झोक, प्स्कोव्ह, स्मोलेन्स्क, त्वेर आणि मॉस्को येथे, तसेच आजच्या बेलारूसमधील वितेब्स्क व युक्रेनमधील झ्वेनीहोरोद येथेही काही सापडली. ग्रंथ म्हणजे चर्मपत्रावरची धर्मपुस्तके आणि लिहिणारा म्हणजे मठातला साधू, ही पूर्व स्लाव्ह (रशियन, बेलारूसी, युक्रेनी) लेखनसंस्कृतीची जुनी कल्पना या सालींनी मोडून काढली. पुढे त्यांचाच डिजिटल कॉर्पस, म्हणजे संगणकावर शोधता येणारा मजकुरांचा संग्रह, तयार झाला. लहान, तुटक आणि विस्कळीत मजकुराचा अभ्यास संगणकाच्या साहाय्याने कसा करावा, याचा तो एक चांगला नमुना आहे.

भूर्जपत्र हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. काश्मीर आणि गांधार प्रदेशातील पोथ्या हिमालयातील भूर्जाच्या सालीवरच लिहिल्या गेल्या. १८८१ मध्ये सापडलेले बख्शाली हस्तलिखित हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण. संस्कृत ‘भूर्ज’ आणि रशियन ‘बेर्योझा’ हे शब्दही एकाच प्राचीन मुळातून आलेले सख्खे भाऊबंद आहेत. लिहिण्याची रीत मात्र निराळी होती. आपल्याकडे सालीवर शाईने लिहीत, नोवगोरोदमध्ये ती लोखंडी किंवा हाडाच्या टोकदार लेखणीने कोरत. त्या दृष्टीने ही पत्रे आपल्या भूर्जपत्रांपेक्षा दक्षिणेतील ताडपत्रांच्या अधिक जवळची. शाईने लिहिलेली साल नोवगोरोदमध्ये अगदीच अपवादाने मिळते. कोरलेला मजकूर पाण्याने धुऊन जात नाही, म्हणूनच ही पत्रे शतकानुशतके चिखलात पडूनही वाचता येतात.

पहिले पत्र २६ जुलै १९५१ रोजी सापडले. दुसऱ्या महायुद्धात नोवगोरोद जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले होते. मोकळ्या पडलेल्या जागांवर नवी बांधकामे होण्यापूर्वी मॉस्को विद्यापीठाच्या आर्तेमी आर्त्सिखोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली शहराच्या नेरेव्स्की भागात मोठे उत्खनन सुरू झाले. तेथे मजुरीवर काम करणाऱ्या नीना आकुलोवा या स्थानिक स्त्रीला लाकडी रस्त्याच्या फळ्यांमध्ये सालीची एक मळकी गुंडाळी दिसली आणि तिच्यावर अक्षरे असल्याचे तिच्याच लक्षात आले. मजकूर होता गावोगावच्या येण्याचा, म्हणजे जमीनमालकाला मिळायच्या वसुलीचा. त्या एका मोसमातच आणखी काही पत्रे निघाली, आणि आजही नोवगोरोदमध्ये २६ जुलै हा भूर्जपत्रांचा दिवस म्हणून साजरा होतो. या शोधाच्या इतिहासात प्राध्यापकांच्या आधी आकुलोवा यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे.

साल टिकली ती जमिनीमुळे. नोवगोरोदची माती पाण्याने इतकी भिजलेली आहे की तिच्यात हवा शिरत नाही आणि सेंद्रिय वस्तू कुजत नाहीत. त्यामुळे लाकूड, चामडे आणि साल जशीच्या तशी राहते. दलदलीमुळे शहराचे रस्ते ओंडके अंथरून बांधलेले असत. ते खचले की त्यांच्यावरच नवे ओंडके टाकत. वेलिकाया या रस्त्यावर असे २८ थर मिळाले, सगळ्यांत खालचा ९५३ सालचा आणि सगळ्यांत वरचा १४६२ सालचा. बोरिस कोल्चिन यांनी ओंडक्यांतील वाढीच्या वलयांवरून या थरांची कालगणना बसवली. त्यामुळे दोन थरांमध्ये सापडलेल्या पत्राचा काळ काही दशकांच्या फरकाने सांगता येतो. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या अभ्यासकाला एरवी असे भाग्य क्वचितच लाभते. बाहेर काढलेली गुंडाळी गरम पाण्यात भिजवून मऊ करतात, धुतात, हलक्या हाताने उलगडतात आणि सपाट राहावी म्हणून काचांमध्ये दाबून वाळवतात.

पत्रांतला मजकूर रोजच्या जगण्याचा आहे. सुरुवातीचा साचा ‘अमक्याकडून तमक्याला’ एवढाच. पुढच्या काळात त्याआधी ‘पोक्लोन’, म्हणजे वाकून केलेला नमस्कार, हा शब्द येऊ लागतो. आपल्या जुन्या पत्रांतील ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ची आठवण व्हावी असाच हा मायना. त्यानंतर थेट कामाचे बोलणे : कोणाकडे किती येणे आहे, धान्य कधी पाठवायचे, घोडा कोणाला द्यायचा, खटल्यात साक्षीदार कोण. ६०७/५६२ या जोडक्रमांकाचे पत्र दोन वेगवेगळ्या वेळी सापडलेल्या तुकड्यांतून जुळले. त्यात झिझ्नोबुद नावाच्या शेतकऱ्याचा खून झाल्याची आणि त्याची मालमत्ता मारेकऱ्यांकडेच असल्याची खबर आहे.

स्त्रियांची पत्रे हा या संग्रहाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. बाराव्या शतकातील क्रमांक ९ च्या पत्रात गोस्त्याता वासिल नावाच्या माणसाला कळवते, की वडिलांनी आणि नातलगांनी दिलेले सारे नवऱ्याने ठेवून घेतले, तिला हाकलून दिले आणि दुसरी बायको केली. तेव्हा येऊन उपकार कर. स्त्रीधनाची ही तक्रार समजायला कोणत्याही टीपेची गरज नाही. क्रमांक ७५२ त्याहून जुने, सुमारे १०८० ते ११०० या काळातले. एक स्त्री एका पुरुषाला लिहिते : मी तुझ्याकडे तीनदा निरोप पाठवला, माझ्याबद्दल असा कोणता राग धरलास की या आठवड्यात तू आला नाहीस? माझ्या अजाणतेपणी तू दुखावला असशील आणि आता माझी थट्टा करणार असशील, तर देवच न्याय करील, असेही ती म्हणते. हे पत्र फाडून, पट्ट्यांना गाठ मारून फेकून दिलेले सापडले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मिकिता उल्यानित्साला लग्नाची मागणी घालतो तीही सालीवरच. मला तू हवीस, तुला मी, आणि याला साक्षीदार इग्नात. लिहिणारा प्रत्येक वेळी स्वतःच कोरत असे असे नव्हे. काही पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असणार. तरीही शहराच्या कितीतरी थरांतील माणसांच्या दैनंदिन व्यवहारात लेखन रुजलेले होते, एवढे या पत्रांवरून निर्विवाद दिसते.

जगभर सर्वाधिक प्रेम मिळाले ते ओन्फिम या मुलाला. तेराव्या शतकाच्या मध्यावर तो सहा-सात वर्षांचा असावा असा अंदाज आहे. १९५६ मध्ये त्याच्या हातची सुमारे डझनभर पत्रे व चित्रे एकाच जागी सापडली. एका जुन्या सालीच्या टोपलीच्या बुडावर त्याने मुळाक्षरे कोरली आणि मग ‘बा, वा, गा, दा’, ‘बे, वे, गे, दे’ अशी रांग धरली. ही चक्क बाराखडी आहे. पाठ कंटाळवाणा झाला की तो चित्रांकडे वळे. घोड्यावर बसून शत्रूला भाल्याने लोळवणारा वीर काढून त्याशेजारी त्याने स्वतःचेच नाव लिहिले. मुळाक्षरांच्या त्याच सालीच्या मागच्या बाजूवर एक अजब प्राणी आहे आणि मजकूर आहे ‘मी रानटी जनावर’. त्याच्या माणसांच्या हातांना बोटे कधी तीन, कधी त्याहून कितीतरी जास्त, दंताळ्याच्या दातांसारखी. मध्ययुगीन शिक्षणाबद्दल शेकडो पाने लिहिली गेली असतील, पण शिकणाऱ्या मुलाचा हात इतक्या जवळून क्वचितच दिसतो.

काही पत्रे इतर भाषांची आहेत. १९५७ मध्ये मिळालेले क्रमांक २९२ हे तेराव्या शतकातील चार ओळींचे टिपण सिरिलिक, म्हणजे रशियनच्या, लिपीत, पण फिनिशला जवळच्या कारेलियन वळणाच्या भाषेत आहे. विजेपासून रक्षणाचा तो मंत्र असावा असे मानतात. फिनिश, एस्टोनियन यांच्या बाल्टिक-फिनिक गटातील कोणत्याही भाषेचा हा सर्वांत जुना ज्ञात लेख आहे.

ग्रंथसंस्कृतीची दुसरी बाजूही याच शहरात होती. १०५६-५७ मध्ये लिहिलेले ओस्त्रोमिर शुभवर्तमान नोवगोरोदच्या शासकासाठी तयार झाले आणि पूर्व स्लाव्ह प्रदेशातील निश्चित कालाचे सर्वांत जुने पुस्तक म्हणून दीर्घकाळ गाजले. १३ जुलै २००० रोजी उत्खननात त्याहूनही जुना ग्रंथ मिळाला. लिंडनच्या लाकडाच्या तीन फळ्या, त्यांवर मेण आणि मेणात कोरलेली स्तोत्रे. यालाच नोवगोरोद कोडेक्स म्हणतात आणि त्याचा काळ अकराव्या शतकाचा आरंभ. मेण खरवडून पुन्हा लिहिता येई, म्हणजे काम आपल्या धूळपाटीचे. मेणाखालच्या लाकडावर उमटलेल्या ओरखड्यांतून आधीचे पुसलेले मजकूरही वाचल्याचे सांगितले गेले. ते वाचन सर्वांना मान्य झालेले नाही.

पंधराव्या शतकात कागद स्वस्त झाला आणि साल मागे पडली. ती पुरती सुटली मात्र नाही. सायबेरियातील, जुन्या विधींना धरून राहिलेल्या सनातनी रशियन ख्रिस्ती पंथीयांनी पुढेही भूर्जपत्रावर धार्मिक पुस्तके लिहिली. स्टालिनच्या काळात तिकडे हद्दपार झालेल्या लाटव्हियन लोकांनी कागद मिळत नसल्यामुळे घरी पत्रे पाठवली तीही बर्चच्या सालीवर. ही पत्रे आता लाटव्हियातील संग्रहालयांत जपलेली आहेत.

पहिली तीस वर्षे पत्रे वाचणाऱ्यांचा एक समज पक्का होता, की लिहिणारे अर्धशिक्षित होते आणि शब्द चुकवत होते. जेथे अर्थ लागेना तेथे चूक लेखकाची धरली जाई. १९८२ पासून या कामात आलेले भाषाशास्त्रज्ञ आंद्रेइ झालिझ्न्याक (१९३५–२०१७) यांनी हा समज उलटवला. सालींवरील लेखनात काही स्वरचिन्हांच्या जोड्या एकमेकांच्या जागी वापरल्या जात आणि त्यामागे ठरलेली पद्धत होती. धर्मग्रंथांचे एक शुद्धलेखन, व्यवहाराचे दुसरे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत म्हणून कारकून अडाणी ठरत नाहीत, येथेही तसेच. एवढी किल्ली हाती येताच दुर्बोध मानलेली पत्रे एकामागून एक उलगडू लागली.

क्रमांक २४७ हे त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या पत्रात कुलूप आणि दार यांच्याशेजारी ‘केले’ असा शब्द आहे. आधीच्या वाचकांनी त्याचा अर्थ साधूची खोली असा लावला. झालिझ्न्याक यांनी दाखवले, की हा ‘शाबूत’ या अर्थाचा शब्द आहे. इतर स्लाव्ह भाषांत त्याच्या आरंभी ‘त्स’ येतो, नोवगोरोदच्या बोलीत मूळचा ‘क’ टिकून राहिला. मग पत्र सरळ झाले : कुलूप शाबूत, दारे शाबूत, मालकाची तक्रारही नाही, म्हणजे चोरीचा आरोप खोटा. एका अक्षरावरून ठरले, की सर्व स्लाव्ह भाषांत घडलेला मानला जाणारा ध्वनिबदल नोवगोरोदमध्ये झालाच नव्हता आणि प्राचीन पूर्व स्लाव्ह भाषा समजली जात होती तितकी एकजिनसी नव्हती. बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला सारले की केवढे ज्ञान हातचे जाते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारा दाखला मला ठाऊक नाही. झालिझ्न्याक यांचा ‘प्राचीन नोवगोरोद बोली’ हा ग्रंथ १९९५ मध्ये आला, सुधारित आवृत्ती २००४ मध्ये. उन्हाळ्यातील नव्या शोधांवर ते दर शरद ऋतूत मॉस्को विद्यापीठात जाहीर व्याख्यान देत आणि सभागृहात उभे राहायलाही जागा उरत नसे. वालेंतिन यानिन (१९२९–२०२०) यांनी आर्त्सिखोव्स्कींनंतर उत्खननाची धुरा वाहिली.

डिजिटल अभ्यासाकडे जाणारी वाटही झालिझ्न्याक यांच्यापाशीच येते. त्यांच्या १९७७ च्या रशियन व्याकरणकोशात सुमारे एक लाख शब्दांची सर्व रूपे कशी होतात हे संकेतांनी नोंदवले आहे. हे काम इतके नेटके होते, की पुढे संगणकाला रशियन शब्दरूपे ओळखायला शिकवताना तेच पायाभूत ठरले. यांडेक्स या शोधयंत्रानेही त्याचाच आधार घेतला. संस्कृतच्या अभ्यासकांना त्यांची आणखी एक ओळख आहे. १९७८ मध्ये निघालेल्या संस्कृत-रशियन शब्दकोशाला जोडलेली संस्कृत व्याकरणाची संक्षिप्त रूपरेषा त्यांचीच.

पत्रांची छापील मालिका १९५३ मध्ये सुरू झाली. त्या खंडांत छायाचित्राबरोबर रेखाटन असे, म्हणजे अभ्यासकाने अक्षरांवरून फिरवलेला हात. रेखाटन वाचायला सोपे, पण त्यात रेखाटणाऱ्याचा निर्णय आधीच मिसळलेला असतो. कोणती रेघ अक्षराची आणि कोणती सालीच्या नैसर्गिक भेगेची, हे त्याने ठरवून टाकलेले असते. भूर्जपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात प्रत्येक क्रमांकाखाली रंगीत छायाचित्र, रेखाटन, अखंड मजकूर, शब्द तोडून दिलेला मजकूर, आधुनिक रशियन भाषांतर आणि काळ असे सारे एकत्र पाहता येते. मूळ लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे शब्द कुठे तोडला हाही अन्वयार्थच असतो. वाचकाला आता तो स्वतः तपासता येतो. पूर्वी हा अधिकार मॉस्को आणि नोवगोरोदच्या संग्रहालयांत पोहोचू शकणाऱ्या मोजक्या लोकांचा होता.

रशियन राष्ट्रीय भाषा कॉर्पस २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात भूर्जपत्रांचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्रत्येक शब्दाला त्याचे मूळ रूप व व्याकरण जोडलेले आहे. हे काम यंत्रावर सोपवून होणारे नव्हते. व्यवहारातील लेखनपद्धतीमुळे घोडा या अर्थाचा एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो. अक्षरे जुळवून शोधले तर तीन निसटतात. अक्षरांचाही प्रश्न होता. जुन्या सिरिलिकमधील अनेक चिन्हे आणि ओळीच्या वर लिहायची लहान अक्षरे संगणकाच्या सर्वमान्य संकेतावलीत, युनिकोडमध्ये, २००८ साली दाखल झाली. तोपर्यंत ज्याचा त्याचा फाँट वेगळा होता आणि एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर बिघडून दिसे. मोडीचे दस्तऐवज संगणकावर आणू पाहणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

काळ ठरवण्याची एक पद्धतही याच कामातून उभी राहिली. अक्षरांचे वळण, स्वरचिन्हांची निवड, मायना आणि व्याकरणरूपे कोणत्या दशकांत किती वेळा येतात, याचे तक्ते झालिझ्न्याक यांनी बांधले. मातीचा थर विस्कटलेला असला तरी मजकुरावरून पत्राचा काळ काढता येतो, आणि थराच्या पुराव्याशी तो ताडून पाहता येतो.

पत्रांना क्रमांक मिळतात ते सापडण्याच्या क्रमाने, लिहिले गेल्याच्या क्रमाने नव्हे. त्यामुळे दोन पत्रांतले माणूस एकच आहे का, ही ओळख पटवणे अखेर वाचणाऱ्यावरच येते. क्रमांक ४३ मध्ये बोरिस नस्तास्याला कळवतो, की पत्र मिळताच माणसाबरोबर घोडा पाठव, मला इथे फार काम आहे. आणि सदरा पाठव, सदरा विसरलो. क्रमांक ४९ हे त्यानंतर थोड्या वर्षांनी लिहिलेले, त्याच नेरेव्स्की उत्खननातले. ते नस्तास्याने भावांना पाठवले आहे. दोन्हींतली नस्तास्या एकच असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती लिहिते, माझा बोरिस आता हयात नाही, माझी आणि माझ्या मुलांची काळजी घ्या.