फाशीचे झाड

‘फाशी’ (फ्रेंच ‘ला पाँदेझाँ’) हे लॉरेनचा (फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या, तेव्हा वेगळ्या असलेल्या संस्थानाचा) मुद्राचित्रकार झाक कालो (१५९२–१६३५) याचे अम्लरेखन, म्हणजे अम्लाने कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेले चित्र. ‘युद्धाचे हाल आणि अरिष्टे’ या त्याच्या १८ ठशांच्या मालिकेतला हा ११वा ठसा. मालिका १६३३ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली. मध्य युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धावर (१६१८–४८) लिहिताना हे चित्र इतक्या वेळा छापले गेले आहे की, ‘ते युद्ध’ म्हटले की अनेकांना हेच झाड आठवते. मूळ ठसा मात्र उंचीला साध्या पोस्टकार्डाएवढाही नाही. उंची सुमारे ८ सेंमी., रुंदी सुमारे १८ सेंमी. भिंतीवर टांगून लांबून बघावे असे हे काम नव्हे. ते हातात धरून डोळ्यांजवळ न्यावे लागते.

मधोमध एक अजस्र वृक्ष. त्याच्या फांद्यांना वीसएक माणसे लटकलेली. शिडीवरून एक धर्मगुरू मरणाऱ्यापुढे क्रूस धरतो आहे, उजवीकडे आणखी एकाची अखेरची प्रार्थना चालली आहे. सभोवार भाले उभे धरलेल्या पलटणी. बुंध्यापाशी उतरवून टाकलेले कपडे पडले आहेत आणि त्याच झाडाखाली दोघे जण ढोल मध्ये ठेवून त्यावर फासे टाकत आहेत. मेलेल्यांच्या कपड्यांसाठी हा डाव चालला आहे, की हे दोघेही कैदीच असून जिवावर खेळत आहेत, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काहीही असले तरी नजर शेवटी त्या ढोलावरच अडकते. वर लटकणाऱ्यांना चेहरे जवळपास नाहीतच.

हे लटकवलेले लोक कोण? चित्र एकटेच पाहणाऱ्याला ती गावकऱ्यांची कत्तल वाटते. मालिका क्रमाने पाहिली की कळते, हे सैनिक आहेत. सुरुवातीला भरती होते, मग लढाई. त्यानंतर हेच शिपाई शेतकऱ्याचे घर लुटतात, मठ उद्ध्वस्त करतात, गाव जाळतात, वाटेवर बग्गी अडवतात. नवव्या ठशात ते पकडले जातात आणि पुढे शिक्षांची रांग लागते: दोराने वर ओढून खाली आपटणे, फाशी, बंदुकीने उडवणे, जाळणे, चाकावर हाडे मोडणे. त्या काळी फौजांचा पगार वेळेवर मिळत नसे आणि ज्या मुलखात तळ पडे त्याच मुलखावर त्या पोट भरत, ही या साऱ्यामागची वस्तुस्थिती.

चित्राखाली सहा ओळींचे पद्य आहे. ते सहसा मिशेल द मारोल या धर्मगुरूचे मानले जाते. त्यात या नीच चोरांना झाडाला लटकलेली ‘अभागी फळे’ म्हटले आहे आणि दुष्टांना आज ना उद्या स्वर्गाचा न्याय भोगावाच लागतो, असे बजावले आहे. म्हणजे शब्द शिक्षेच्या बाजूचे. त्यामुळे कालो युद्धविरोधी होता की फौजेच्या शिस्तीचा पुरस्कर्ता, हा वाद जुना आहे. पद्य फळांविषयी बोलते आणि रेषा ढोलापाशी थांबते. चित्रातला हा अंतर्विरोध पद्याने मिटत नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

इतक्या लहान जागेत एवढी गर्दी मावली ती कालोच्या तंत्रामुळे. अम्लरेखनात तांब्याच्या पत्र्यावर अम्लाला दाद न देणारा थर चढवतात, सुईने तो ओरखडून चित्र काढतात आणि पत्रा अम्लात घालतात. उघड्या रेषा तेवढ्या खाल्ल्या जातात. पूर्वीचा मेणाचा मऊ थर निसटे, डाग पाडी. कालोने त्याऐवजी लाउट हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरत ते कठीण व्हर्निश घेतले. सुईच्या जोडीला तो एशॉप हे हत्यार वापरी. त्याचे टोक तिरपे कापलेले असल्याने हात किंचित फिरवला की रेषा फुगते किंवा बारीक होते. शिवाय पत्रा तो टप्प्याटप्प्याने अम्लात घाली. दूरच्या पलटणींच्या रेषा थोड्या खाल्ल्या गेल्या की त्या व्हर्निशने झाकायच्या आणि पुढच्या माणसांसाठी पत्रा पुन्हा अम्लात सोडायचा. म्हणून मागची माणसे धुरकट, पुढची ठसठशीत. पुढे अब्राम बॉस या फ्रेंच मुद्राचित्रकाराने १६४५ च्या आपल्या ग्रंथात ही पद्धत मांडली.

मालिका निघाली त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, १३व्या लुईच्या फ्रेंच फौजांनी कालोचे गाव नान्सी घेतले. या विजयाचे चित्र काढायला राजाने सांगितले तेव्हा ‘त्यापेक्षा अंगठा तोडून घेईन’ असे कालो म्हणाल्याची आख्यायिका फेलिबियाँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच कलालेखकाने नोंदवली आहे. ती जपून घ्यावी. ब्रेडा (नेदरलँड्स) आणि ला रोशेल (फ्रान्स) येथील वेढ्यांची भव्य चित्रे त्याने याआधी राजघराण्यांसाठी केलीच होती आणि ‘हाल’ मालिकेच्या मुखपृष्ठावर ‘लॉरेनचा सरदार’ अशी त्याची ओळख देऊन, प्रकाशक ‘मित्र इस्राएल’ (म्हणजे इस्राएल आँरिए) याच्या नावाबरोबर फ्रान्सच्या राजाचा परवानाही छापला आहे.

मालिकेच्या १७व्या ठशात शेतकरी सैनिकांना गाठून मारतात. १८व्यात सिंहासनावरचा राजा बक्षिसे वाटतो. याच विषयावरची कालोचीच छोटी मालिका १६३६ मध्ये, कालोच्या मृत्यूनंतर, बाहेर पडली. स्पेनचा चित्रकार गोया याची ‘युद्धाच्या आपत्ती’ ही ८० ठशांची मालिका १८६३ मध्ये छापली गेली. तिच्यातला ३६वा ठसा कालोशेजारी ठेवून पाहावा: एक माणूस झाडाला लटकतो आहे आणि समोर एक सैनिक आरामात रेलून त्याच्याकडे बघत बसला आहे.