छतातल्या तारांची ओळख : दिवा असलेला पंखा बसवताना

अमळनेरला आमच्या आजोळी धाब्याचे जुने घर आहे. सागाच्या कड्या, त्यांवर मातीचे धाबे आणि मधल्या कडीत ठोकलेल्या हुकाला लटकणारा, मामांच्या लग्नाच्या वेळी घेतलेला पंखा. गेल्या मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास असताना, तो नुसता गुणगुणू लागला; पात्याला काठीने ढोसले की फिरायचा, पण वारा म्हणावा असा येईना. पुढे त्याच्या मोटारीतली तारेची गुंडाळीही जळाली, तेव्हा त्याच्या जागी खाली एलईडी दिवा असलेला नवा पंखा आणला. पंखा काढून पंखा लावायचा, एवढेच ते काम असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत छतातल्या प्रत्येक तारेची नव्याने ओळख करून घ्यावी लागली.

दिवा असलेला पंखा पाहिला की पहिला प्रश्न पडतो तो हा, की पंखा गरगर फिरत असताना त्याच्या पोटाखालचा दिवा स्थिर कसा राहतो आणि त्याची तार पिळली कशी जात नाही? याचे उत्तर पंख्याच्या मोटारीच्या उलट्या रचनेत आहे. पाण्याच्या पंपात बाहेरचे कवच स्थिर असते आणि मधला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात मधला भाग दांड्यासह स्थिर असतो आणि पाती बसवलेले बाहेरचे कवच त्याच्याभोवती फिरते. मधला दांडा पोकळ असल्याने दिव्याच्या तारा त्यातून सरळ खाली उतरतात. पंखा आणि दिवा ही जोडी जुनी आहे. शिलाई यंत्रासाठी विजेची मोटार तयार करणाऱ्या फिलिप डील या अमेरिकेतील कारागिराने 1880च्या दशकात तशीच मोटार छताला टांगून पंखा केला आणि पुढे त्याच पंख्याला दिवेही जोडले.

जुना पंखा काठीने ढोसल्यावर का फिरायचा, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या घरात येणारी 230 व्होल्टची वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, पण एकाच फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या एकाच तारेतून, मिळणारे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमीजास्त होते, फिरत नाही. म्हणून मोटारीत दोन गुंडाळ्या असतात आणि त्यांतील एकीच्या वाटेत कंडेन्सर, म्हणजे वीज थोडी साठवून सोडणारा भाग, असतो. कंडेन्सरमुळे त्या गुंडाळीतील प्रवाह दुसरीच्या पुढे धावतो आणि दोन्ही मिळून फिरते क्षेत्र तयार होते. बहुतेक पंख्यांत हा कंडेन्सर 2.5 मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो. उन्हाळ्यामागून उन्हाळे सोसून त्याची क्षमता घटली की सुरुवातीचा धक्का कमी पडतो आणि तो धक्का मग काठी देते. पंखा गुणगुणतो, पण स्वतः सुरू होत नाही, एवढेच लक्षण असेल तर पंखा टाकून देण्याआधी कंडेन्सर बदलून पाहावा. आम्ही ते वेळेवर केले नाही, म्हणून गुंडाळी गमावली.

आता तारांविषयी. जुन्या घरांत पंख्यापर्यंत दोनच तारा येतात. एक बटण आणि रेग्युलेटरमधून आलेली फेजची आणि दुसरी वीज परत नेणारी न्यूट्रलची. पंखा आणि दिवा वेगवेगळ्या बटणांवर हवे असतील तर दिव्यासाठी फेजची आणखी एक तार लागते आणि धातूच्या कवचासाठी अर्थिंगची तार वेगळी. तार वाचवण्यासाठी पंख्याच्याच फेजवर दिवा जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. रेग्युलेटर हळू केला की दिव्यापर्यंत अपुरी, अनेकदा तुकड्यातुकड्यांनी कापलेली वीज पोहोचते आणि एलईडी लुकलुकतो किंवा लवकर जातो. कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यालाही, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या पंख्यालाही, असा रेग्युलेटर चालत नाही. त्याच्या पोटात स्वतःचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते, त्यामुळे भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून तेथे साधे बटण ठेवावे लागते. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो तेथे हा पंखा 30 ते 35 वॅटवर भागवतो. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घराला हा फरक चांगलाच जाणवतो.

याच इन्व्हर्टरने आम्हाला सर्वांत मोठा धडा दिला. मी मेन स्विच पाडला, शिडी लावली आणि सीलिंग रोजकडे, म्हणजे छतावरच्या तारा जोडण्याच्या डबीकडे, हात नेणार तोच खाली उभा असलेला वायरमन म्हणाला, “भाऊ, इन्व्हर्टर चालूच शे ना!” मेन पडताच इन्व्हर्टरने त्याचे काम चोख केले होते. वीज गेली असे समजून त्याने बॅटरीतून पुन्हा 230 व्होल्ट त्याच पंख्याच्या तारेत सोडले होते. खानदेशात आज असंख्य घरांत पंखा आणि एखादा दिवा इन्व्हर्टरच्या वेगळ्या फेजवर असतो, म्हणजे ज्या तारांना आपण हात लावणार नेमक्या त्याच तारा मेन पाडल्यावरही जिवंत राहतात. उलट, फक्त इन्व्हर्टरचे बटण बंद केले तरी बहुतेक इन्व्हर्टर बाहेरची वीज पुढे जाऊ देतात. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर ही दोन्ही बंद हवीत, आणि त्यानंतरही खात्री टेस्टरनेच करावी.

टेस्टरच्या आत निऑनचा बारीक दिवा आणि मोठा रोध असतो. फेजला टोक टेकवून मागच्या बाजूला बोट ठेवले की आपल्या शरीरातून जमिनीकडे अत्यल्प, न जाणवणारा प्रवाह जातो आणि निऑन पेटतो. पायात जाड रबरी चप्पल असेल, लाकडी शिडी असेल किंवा टेस्टरच बिघडलेला असेल, तर जिवंत तारेवरही तो पेटला आहे हे दिसत नाही. यासाठी जाणते वायरमन आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर पेटतो का पाहतात, मग वीज बंद करून कामाच्या तारांवर तपासतात आणि पुन्हा चालू जागी येऊन टेस्टर अजून शाबूत आहे याची खात्री करतात. आमच्या वायरमनने मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केल्यावर शेजारच्या घरातल्या सॉकेटवर जाऊन ही खात्री केली. तारांच्या रंगावर त्याने विश्वास ठेवला नाही. आपल्याकडे जुन्या पद्धतीप्रमाणे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग; पण मामांच्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेल्या दोन्ही तारा लालच होत्या.

जोडणीत घाई नको. जुन्या घरात अॅल्युमिनिअमच्या तारा असतील तर त्यांना तांब्याची तार नुसती पिळून टेप गुंडाळू नये. दोन धातूंच्या सांध्यावर गंज चढतो, सांधा सैल होतो आणि तापतो. अशा जोडाला त्यासाठीच केलेला कनेक्टर वापरावा. हुकाची ताकद, रॉडचा बोल्ट आणि तो निसटू नये म्हणून त्यात घातलेली कॉटर पिन यांत कसूर करू नये. सागाची कडी वाळवीने पोखरली नाही ना, हे आम्ही खिळा टोचून पाहिले. नवी तार टाकण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो त्याच वेळी बसवून घ्यावा.

दिव्यासाठी नवी तार न ओढता आम्ही बाजूच्या कडीवर असलेल्या जुन्या बल्बच्या दोन्ही तारा पंख्यापर्यंत आणल्या. पंखा उत्तम चालला, दिवा लागला, मामींनी साखर वाटली. रात्री सगळे दिवे मालवल्यावर मात्र पंख्याच्या पोटात काजव्यासारखा मंद उजेड दिसत राहिला. बटण बंद होते, तरी तो विझेना. सकाळी आम्ही बटणाचा डबा उघडला, वीज चालू करून तपासले तेव्हा उलगडा झाला. कोणीतरी पूर्वी बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसवले होते. बटण बंद केले की परतीची वाट तुटायची, पण दिव्यापर्यंत फेज सदैव हजर असायची. पट्टीत शेजारी शेजारी गेलेल्या तारा आपसांत एका अतिसूक्ष्म कंडेन्सरसारख्या वागतात आणि त्यांतून झिरपणारा किंचितसा प्रवाह एलईडीला पेटवायला पुरतो. आत तापणारी बारीक तार असलेल्या जुन्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नव्हते, म्हणून ती चूक इतकी वर्षे दिसली नाही. बल्ब बदलणाऱ्या मामांचा हात मात्र दर वेळी जिवंत होल्डरजवळ जात होता. आम्ही तारा जिवंत आहेत की नाहीत एवढेच पाहिले होते, बटण कोणत्या तारेत आहे हे पाहायचे राहिले होते. वायरमनने दोन्हीकडची वीज पुन्हा बंद करून बटण फेजच्या तारेत घेतले, आणि त्या रात्री खोलीत पूर्ण अंधार झाला.